शेवटच्या घरातल्या काठ्या

रविवारी जंगलातल्या धबधब्यावर जायचं ठरतंय. ग्रुपवर कुणीतरी वाटेवरच्या शेवटच्या घराचा फोटो टाकला. भिंतीला बांबूच्या काठ्या ओळीनं टेकवलेल्या होत्या. जेवण सांगायला त्या घरच्या मावशींना फोन केला, तेव्हा काठ्यांचं विचारलं.

"खाली उतरणाऱ्यानं एक न्यायची, येताना परत ठेवायची," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीला काठी कमी दिसली, की गावातले शोधायला निघतात."

तेव्हापासून तो फोटो मला हजेरीपटासारखा दिसतोय. सरकारनं तिथं सेल्फी पॉइंट बांधलाय, रंगीत कमान उभारलीय, पण रखवालदार एकही नाही. माणसं परत आली का, हे बघायचं काम एका भिंतीवर सोडलंय. लाज कुणालाच नाही.

मी ग्रुपवर काठ्यांचं लिहिलं. धाकट्या बहिणीचं लगेच उत्तर, "दादा, आम्ही काय म्हातारे आहोत? तूच घे दोन." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मी मावशींना पुन्हा फोन लावला. काठी न घेता गेलेल्यांचं काय होतं?

 फोनवर त्यांच्या मागे पाण्याचा आवाज येत होता.

"भिंत भरलेलीच दिसते ना रे बाळा. आम्ही दार लावून झोपतो."