लझारस गार्डांच्या घड्याळाचं दार

आमच्या घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यात सात घड्याळं आहेत आणि सातांचं एकमेकांशी पटत नाही. पहिलं चार वाजायला दोन मिनिटं असतानाच ठोके द्यायला लागतं, शेवटचं चार वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे एका चारचे अठ्ठावीस ठोके. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, तांबरम पूर्वेला, तीन वर्षं झाली. सांगलीहून सामान घेऊन आले त्या दुपारी मला वाटलं, खाली देऊळ आहे. आता सवय झालीय. तरी रविवारी डोकं दुखत असलं की सातही घड्याळं खिडकीतून भिरकावून द्यावीशी वाटतात, आणि हे मी बाईंना तोंडावर सांगितलेलं आहे.

बाईंचं नाव विद्यालक्ष्मी. मी त्यांना अक्का म्हणते, कारण आंटी म्हटलं की त्या ओच देत नाहीत. वय एकाहत्तर, लग्न केलं नाही, का नाही केलं हे विचारायची आजवर माझी हिंमत झालेली नाही. घराणं तंजावरकडचं. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून मराठी बोलतात. माझी मराठी त्यांना पेपरात छापल्यासारखी वाटते आणि त्यांची ऐकताना मला मधेमधे अंदाज बांधावा लागतो. ‘सगळं’ला त्या ‘अस्का’ म्हणतात, हे कळायला मला महिना लागला.

तोंडाच्या फटकळ. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला म्हणाल्या, “तुमची लेक बरी हाय, पण तिचा रसम म्हणजे भांडी धुतलेलं पाणी.” आईनं चार दिवस तोंड फुगवलं. खोटं बोलणं अक्कांना जमत नाही, असं त्या स्वतःच सांगतात आणि वर त्याचा तोराही मिरवतात.

घर मात्र बघण्यासारखं. दारातून आत गेलं की समोर तंजावरी चित्रातला सोनेरी बाळकृष्ण, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फांद्यांची पितळी मेणबत्तीदानं. त्यांत मेणबत्ती कधी लागली नाही. कार्तिकैच्या, म्हणजे इकडच्या दिव्यांच्या सणाच्या, संध्याकाळी अक्का प्रत्येक फांदीवर मातीची पणती ठेवतात. काचेच्या कपाटात चिनी मातीची मेंढपाळीण, उतरत्या आकाराच्या तीन सुरया, राणीच्या चित्राचे बिस्किटांचे डबे. भिंतींवर घड्याळं. प्रत्येक वस्तूला मूळ मालकाचं नाव आहे. “ते परेराचं जरा सरळ कर” म्हटलं, की मेणबत्तीदान सरळ करायचं.

हे सगळं आलं कुठून, तर पोस्टातून. अक्का तेहतीस वर्षं पोस्टात काउंटरवर होत्या. रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांची तांबरमला तेव्हा बरीच वस्ती होती, आणि एकेक कुटुंब ऑस्ट्रेलियाला चाललं होतं. कोण चाललंय हे शेजाऱ्यांच्या आधी अक्कांना कळायचं. दिल्लीच्या वकिलातीला रजिस्टर पत्र गेलं की यांनी मनात नोंद करायची. तिसरं पत्र गेलं की रविवारी साडी बदलून त्यांच्या घरी हजर! “माणसं जाणार, वस्तू काय बोटीत बसणार हाय?” असं त्या मला सांगत. मला ते ऐकून थोडं कसंसंच व्हायचं. पण किंमत कधी पाडून मागितली नाही म्हणतात, आणि अक्का म्हणतात म्हणजे ते खरंच असणार.

आणलेली वस्तू थेट घरात यायची नाही, हा नियम. आधी ती ओसरीवर राहायची. एळुमलै नावाचा पॉलिशवाला यायचा. आतून, बाहेरून, मागून घासून लाकडाला नवा रंग चढवायचा, पितळ चिंचेनं लख्ख करायचा. मग अक्का हळदकुंकवाचं बोट लावणार, आणि मगच वस्तू उंबरठ्याच्या आत. परक्या घरची वस्तू परक्या घरचं काहीबाही घेऊन येते, असं त्यांच्या आईचं म्हणणं. अक्का स्वतः हे मानत नाहीत म्हणे. स्वच्छतेसाठी करतात. बरं, असेल.

गेल्या महिन्यात एका शनिवारी त्यांनी मला खाली बोलावलं. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, “उद्या एक बाई येते हाय. तू बी बस माझ्याजवळ.”

बाईंचं नाव मार्लीन, कोइमतूरला असतात. त्यांचे वडील लझारस, मालगाडीवर गार्ड होते. त्यांच्या विधवेकडून अक्कांनी सव्वीस वर्षांपूर्वी लंबकाचं उंच घड्याळ घेतलं होतं. सातांतलं सगळ्यात देखणं तेच. आता फोनवर मार्लीनबाईंनी जे सांगितलं ते असं. गार्डसाहेबांना नोंदी ठेवायची सवय. गाडी कुठून किती वाजता सुटली हे वहीत लिहायचं, तसंच घरातलं पोर परदेशी निघालं की घड्याळाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं नाव आणि सुटल्याची वेळ लिहायची. थोरला मुलगा, मधला, मग मुलगी. मार्लीन शेंडेफळ. ती परदेशी गेलीच नाही. वडील ड्युटीवर असताना एका तमिळ मुलाबरोबर निघून गेली आणि लग्न केलं. या घरात तिचं नाव काढायचं नाही, असं वडिलांनी बजावलं, आणि सहा वर्षांनी ते वारले. भेट नाही.

गेल्या वर्षी आईही वारली, तिकडे पर्थला. जाण्याआधी फोनवर मार्लीनला म्हणाली, घड्याळाच्या दारावर तुझंही नाव आहे, त्यांनी लिहिलं होतं, घड्याळ पोस्टातल्या बाईंकडे असेल.

“आई लोक असं बोलतातच,” मार्लीनबाई अक्कांना म्हणाल्या होत्या. “मला बरं वाटावं म्हणून बोलली असेल. मला डोळ्यांनी बघायचंय. घड्याळ नको, फक्त दार उघडून दाखवा.”

मी म्हटलं, मग दाखवा की, त्यात काय एवढं?

अक्का उठल्या आणि त्यांनी ते दार माझ्यासमोर उघडलं. आत गडद तपकिरी, आरशासारखं गुळगुळीत लाकूड.

“अहो अक्का, तुम्ही...”

“पेन्सिलीचं काय काय होतं. एळुमलैला बोल्ले, आतली अस्की घाण काढ.”

आता बोलून काय उपयोग होता! तरी मी बोललेच. म्हटलं, सरळ फोन करा आणि येऊ नका म्हणून सांगा, बाई आठ तासांचा प्रवास करून कशाला येतेय पुसलेलं बघायला? त्या म्हणाल्या, फोनवर सांगणं म्हणजे पळून जाणं झालं. मी हात टेकले.

रविवारी साडेचारनंतर राहुकाळ, म्हणून अक्कांनी तीनची वेळ दिली होती. मार्लीनबाई पावणेतीनलाच आल्या. साठीच्या, बारीक, फुलाफुलांचा फ्रॉक, हातात एक पर्स. बोलणं इंग्लिशमध्ये, मधेच तमिळ. दिवाणखान्यात पाऊल टाकल्याबरोबर त्या घड्याळाकडे गेल्या नाहीत. आधी कपाटाशी थांबल्या, सुरया बघितल्या, मग मेणबत्तीदानाला हात लावून, हे परेरा आंटीचं ना, म्हणाल्या. किती छान ठेवलंय तुम्ही, आमच्याकडे तर सगळं धूळ खात होतं. एरवी हे ऐकून अक्का फुलून आल्या असत्या. त्या उभ्याच राहिल्या.

मग मार्लीनबाई वळल्या, घड्याळाजवळ गेल्या आणि चष्मा लावून त्यांनी स्वतःच दार उघडलं. मी जमिनीकडे बघत होते. मान वर केली तर त्या लाकडावरून बोट फिरवत होत्या, वरून खाली, एकेक ओळ असल्यासारखं.

“लिहिलेलं होतं,” अक्का म्हणाल्या. “मी काढून टाकायला लावलं. घड्याळ आणलं त्याच आठवड्यात. चूक माझी आहे.”

त्या बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “काढायच्या आधी तुम्ही वाचलं होतं?”

मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं, त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

“वाचलं होतं.”

“माझं नाव होतं?”

“होतं.”

“कुठे? सगळ्यांच्या खाली?”

“सगळ्यांच्या खाली.”

“आणि वेळ? वेळ काय लिहिली होती?”

इथे अक्का अडल्या. मग म्हणाल्या, “वेळ नव्हती. नुसतं नाव. पुढची जागा मोकळी होती.”

मार्लीनबाई खुर्चीत बसल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. “कशी असणार वेळ? ते गाडीवर होते. मी किती वाजता निघाले हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.” पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिल्या, कुणी सांगितलंच नाही. मी पाणी आणून दिलं. माझेही डोळे भरून आले होते, त्यात लाज कसली? शेवटी त्यांनी कॉफी घेतली. अक्कांनी घड्याळ घेऊन जा म्हणून दोनदा सांगितलं. एवढ्या वर्षांत या बाईंनी कुणाला बिस्किटाचा डबासुद्धा दिलेला नाही. पण मार्लीनबाई नको म्हणाल्या. मला हवं होतं ते मिळालं, म्हणाल्या. अक्कांचे दोन्ही हात हातात घेतले आणि चारच्या सुमारास रिक्षानं स्टेशनला गेल्या.

माझा जीव भांड्यात पडला. दार लावता लावता म्हटलं, “नशीब अक्का, तुम्ही वाचलं तरी होतं! नाहीतर काय तोंड दाखवलं असतं त्यांना?”

“मी कुठं वाचलं?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. “म्हणजे? नाव होतं, वेळ नव्हती, हे सगळं...”

“चार ओळी होत्या की तीन, ते बी ठाऊक नाही. दुसऱ्यांच्या घरचं कोण वाचत बसतो? घाण दिसली, काढ बोल्ले.”

मी संतापलेच. म्हटलं, तुम्ही, तुम्ही खोटं बोललात? माझ्या आईला रसमावरून सुनावता, आणि या बिचारीला! उद्या ती हे आपल्या पोरांना सांगणार, नातवंडांना सांगणार. अक्कांनी मला बोलू दिलं. एकदाही अडवलं नाही, आणि ते त्यांच्या स्वभावात बसत नाही, म्हणून मीच थांबले.

त्यांनी फोन हातात घेतला. चष्मा शोधला, नंबर शोधला. एळुमलै आता म्हातारा झालाय, मुलीकडे वेलचेरीला असतो. अक्कांना कानाला फोन धरून नीट ऐकू येत नाही, म्हणून त्या स्पीकर लावतात. माझ्या कामापुरत्या तमिळला त्यांचं सगळं बोलणं कळलं.

“एळुमलै, ते गार्डसाहेबांचं उंच घड्याळ. तू घासलं होतंस. दाराच्या आत पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, आठवतं?”

“आठवतं ना अम्मा. लवकर निघत नव्हतं. दोनदा घासायचा कागद मारला.”

अक्का पुढे सरकल्या. “काय लिहिलं होतं? नावं किती होती? आठव जरा. सगळ्यांत खाली काय होतं?”

पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला.

“अम्मा, ते इंग्लिशमध्ये होतं. मला कुठं इंग्लिश येतं? वाचता येणाऱ्या तिथं तुम्हीच होतात.”