पोलीस लाइनीतले वाण

गौरव समितीचे चिटणीस परवा मी शिकवते त्या मुलींच्या शाळेत येऊन मला बजावून गेले, "बाई, लेख जरा गोड लिहा. जुनी उणीदुणी नकोत." त्यांच्या शब्दाला मान देऊन गोडापासूनच सुरुवात करते. ज्यांचा हा गौरव, त्या सौ. उमाबाई करकंबकर, म्हणजे आम्हा सर्वांच्या उमाकाकू, यांची आणि माझी पहिली ओळख तिळगुळावरून झाली. तो तिळगूळ गोडच होता. पुढचेही सगळे गोड निघेल अशी हमी मात्र मी देत नाही.

माझे वडील पोलीस शिपाई होते. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे धनगर. वडिलांनी मेंढरे सोडून पट्टा बांधला आणि आम्ही सोलापुरात पोलीस लाइनीत राहायला आलो. संक्रांतीला सारे शहर गड्ड्याच्या जत्रेत मजा करते, तेव्हा शिपाई तिथे बंदोबस्ताला उभे असतात आणि त्यांच्या बायका लाइनीत एकट्या. त्यांना हळदीकुंकवाला कोण बोलावणार? अशाच एका संक्रांतीला उमाकाकू, एका नावाजलेल्या वकिलांच्या पत्नी, पायी चालत लाइनीत आल्या आणि आमच्या दारात उभ्या राहिल्या. आई घाबरून दाराआड गेली.

"मालक गड्ड्यावर हायती. सांजच्याला या," ती आतूनच म्हणाली.

"मालकांशी मला काय करायचंय? तुम्हाला हळदीकुंकवाला बोलवायला आलेय. नाव काय तुमचं?"

आईचे नाव चंद्राबाई. शहरात आल्यापासून ते नाव कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ, असे ती अजून सांगते.

शिपायाच्या घरी मदत पोचवणे सोपे नव्हते. लोकांकडून काही घ्यायचे तर वरच्या साहेबांची परवानगी हवी, आणि शिपायाचा ताठा वेगळाच. "पोलिसानं कुनापुडं हात पसरायचा न्हाय," असे वडील म्हणत, मग घरात आम्ही थंडीने काकडलो तरी बेहत्तर. पण हळदीकुंकवाचे वाण म्हणजे भीक नव्हे. सवाष्णीने वाण नाकारायचे नसते. काकूंनी हे बरोबर हेरले. विणकरांच्या घरोघर जाऊन, मोडकेतोडके तेलुगू बोलून त्यांनी चादरी मागून आणल्या आणि लाइनीतल्या प्रत्येक बाईच्या हातात एकेक चादर वाण म्हणून ठेवली. वडील काय बोलणार? गुपचूप पांघरून झोपले बिचारे. त्यानंतर दर संक्रांतीला लाइनीत ज्याची नड असेल ती वस्तू काकू वाण म्हणून आणू लागल्या.

मग ते वाईट वर्ष आले. शहरात मिरवणुकीवर पोलिसांची लाठी चालली. काकूंच्या सख्ख्या भाच्याचे डोके फुटले. वाणी लाइनीतल्या बायकांना जिन्नस देईना, गवळ्याने दुधाचा रतीब तोडला. लोकांचा राग मला समजतो. लाठी चालवणाऱ्यांत माझे वडील असतील, तर मी त्यांचीही बाजू घेणार नाही. पण तान्ह्या पोरांचे दूध तोडणारा हा राग कसला? काकूंना लोक तोंडावर विचारीत, "भाच्याची जखम अजून सुकली नाही, आणि तुम्ही त्या लोकांच्या घरी जाता?" काकू ताडकन म्हणत, "लाठी मारणाऱ्याला मी चौकीत जाऊन जाब विचारलाय. तुमच्यापैकी कोण आलं होतं बरोबर? आणि पाळण्यातल्या पोरानं कुणाला लाठी मारली ते सांगा!"

हे एकीकडे. दुसरीकडे शहरातली बडी मंडळी! साहेबांची मर्जी राखायला त्यांनी पोलीस साहाय्य फंड काढला. सभा झाल्या, हारतुरे झाले, फोटो निघाले, आणि फंडातून आले काय? बँड! पितळी कर्णे आणि एक भलाथोरला ढोल, त्यावर देणगीदारांची नावे रंगवलेली. लाइनीतली कौले गळत होती, नळाला पाणी नव्हते, आणि ही मंडळी बँड वाजवीत होती. काय म्हणावे या अकलेला!

त्याच साली वडील बाहेरगावी बंदोबस्ताला गेले आणि पटकी घेऊन आले. ते गेले. खात्याच्या नियमाप्रमाणे आम्हाला खोली सोडावी लागणार होती. सांगोल्याहून चुलते आले आणि म्हणाले, "चला गावाकडं. पोरीला मेंढरामागं लावू. साळा शिकून काय करायचंय?" मी मराठी पाचवीत होते आणि शाळेचे नाव निघताच रडत होते. आई माझा हात धरून फंडाच्या चिटणिसांच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. ते म्हणाले, "फंड खात्यासाठी आहे, बाई. एकेका विधवेला पोसत बसलो तर कसं व्हायचं?" हे वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. ते गृहस्थ आज गौरव समितीचे चिटणीस आहेत. लेख गोड लिहा म्हणून सांगायला तेच आले होते.

संक्रांत आली. आईने दार लावून घेतले. वाण सवाष्णीचे; आता ते तिला बंद. जिला गरज सगळ्यांत जास्त, नेमके तिच्यापर्यंत काकूंचे वाण पोचू नये, असली ही आपली रीत! काकू आल्या आणि आईने उघडेपर्यंत दार वाजवीत राहिल्या.

"काकू, मला आता वाण चालत न्हाय."

"घ्यायचं नाहीये. तुम्ही द्यायचंय. धनगराची लेक ना तुम्ही? शेळ्या सांभाळाल?"

"शेळ्या? व्हय की. त्यात काय न येन्यासारकं?"

त्या वर्षी काकूंनी वाणासाठी पितळी लोट्या मिळवल्या होत्या आणि स्वतःच्या परसात शेळ्या आणून बांधल्या होत्या. ज्या घरात तान्हे मूल, त्या घरची लोटी आईने रोज सकाळी दुधाने भरायची, असा त्यांचा बेत होता. काकूंच्या अंगणात जाजमावर शहरातल्या आणि लाइनीतल्या बायका बसल्या. काकू हळदकुंकू लावीत पुढे गेल्या आणि त्यांच्यामागून मोकळ्या कपाळाची माझी आई दुधाने भरलेली लोटी पुढे करू लागली. शहरातल्या एक बाई ताडकन उठल्या. "विधवेच्या हातचं वाण? उमाबाई, ताळतंत्र सोडलंत की काय!" त्यांच्यामागोमाग पदर सावरीत शहरातल्या साऱ्याच उठल्या. लाइनीतल्याही चुळबुळू लागल्या. आईच्या हातातल्या लोटीतले दूध हिंदकळून लुगड्यावर सांडत होते. तेव्हा हवालदारांच्या घरच्या खातूनबी पुढे सरकल्या.

"देव गे बहन, हमना देव. घर में बच्चा कबसे रोताय."

त्यांनी लोटी घेतली. मग जिच्या जिच्या घरात पोर रडत होते, ती ती पुढे आली.

शहरातल्या कितीतरी घरांनी काकूंकडे जाणेयेणे सोडले. वकीलसाहेबांची अशिले कमी झाली. काकूंनी आम्हाला परसातली खोली दिली, दूध वाढले तशी आई मिळवती झाली, मी शाळेतच राहिले आणि आज शिकवते आहे. एकदा शेळीने माझे भूगोलाचे पुस्तक खाल्ले, तेव्हा काकू शेळीला ओरडल्या आणि मला नवे पुस्तक घेऊन आल्या. केलेले त्यांनी आजवर कधी बोलून दाखवले नाही. त्यांनी नाही दाखवले, म्हणून मी आज इथे मोठ्याने बोलते आहे.

आता काकूंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्याच शहराला त्यांचा पुळका आला आहे. समारंभात पाच सवाष्णी त्यांना ओवाळणार आणि तोच बँड वाजणार! "तुमच्या आईंना मागच्या बाजूला चांगली खुर्ची देऊ," असे चिटणीस जाताना मला सांगून गेले. लाज कशी वाटली नाही? मी हे काकूंच्या कानावर घातले. काकू म्हणाल्या, "चंद्राबाई ओवाळणार असतील तर मी पाटावर बसेन. नाहीतर चिटणिसांनीच बसावं पाटावर आणि घ्यावं ओवाळून." समितीने काय ते ठरवावे.

उमाकाकूंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांच्या गुडघ्यांचे दुखणे थांबो, आणि त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो, ही माझी मनापासूनची प्रार्थना. आईला विचारले, तुझ्या वतीने काय लिहू? ती अंगणात बसून चिंचेने निरांजन घासत होती. मान वर न करता म्हणाली, "काकू, लई जगा, आसं लिही. आनि त्या चिटनिसास्नी म्हनावं, मी ववाळत आसताना त्यो बँड गप ठिवा."