तीन फटके ठरले होते

माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाची बोलणी चालू असताना मला घराबाहेर, चपलांच्या शेजारी बसवलं होतं, आणि त्याचं कारण एवढंच की त्याच्या आयुष्यातली सर्वात मोठी कुस्ती मी त्याला जिंकून दिली.

यात माझी चूक काय, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. आमच्या घरात ते आधीच ठरलेलं आहे.

मेहुण्याचं नाव बाळाराम. माझ्या बायकोचा, सुरेखाचा, धाकटा भाऊ. राहणार कोन, हे पनवेलजवळचं गाव. उंची सहा फूट दोन इंच, आणि रुंदी अशी की आमच्या दुकानात तो आला की आधीचं गिऱ्हाईक आपोआप बाहेर जातं. लहानपणापासून गावच्या जत्रेत मातीतल्या कुस्त्या खेळला. पुढे मुंबईच्या एका कंपनीने त्याला हेरलं. टीव्हीवर दाखवतात तसली कुस्ती करणारी कंपनी. चौकोनी रिंग, दोऱ्या, धूर, झगमगीत कपडे. ‘सहा महिन्यांत स्टार करतो’ म्हणाले.

पहिल्यांदा त्याला ‘कोकणचा गेंडा’ केला. करड्या रबराचा अंगभर पोशाख. कळंबोलीच्या उन्हात तो रिंगपर्यंत चालत गेला आणि कोणी हात लावायच्या आधीच चक्कर येऊन पडला. दुसऱ्यांदा ‘चक्रीवादळ’ केला. समोरच्याला डोक्यावर उचलून गरगर फिरवायचं, आपटायचं आणि डरकाळी फोडायची, असं शिकवलं होतं. याने उचललं, फिरवलं, आपटलं, आणि डरकाळीच्या जागी खाली वाकून विचारलं, “लागला काय रं?” अख्खं पब्लिक हसलं. त्यानंतर कंपनीने त्याला स्टार करायचं थांबवून खुर्च्या मांडायला ठेवला.

तेवढ्यात स्थळ आलं. करंजाला धर्माजी नाना म्हणून एक गृहस्थ आहेत, होड्यांना बर्फ पुरवतात. त्यांची मुलगी मनीषा. बाळा बघायला गेला तेव्हा चहाच्या कपाच्या कानात याचं बोट अडकलं आणि कप काही सुटेना. मुलगी हसली. तिने साबण लावून बोट सोडवलं. त्या दिवसापासून बाळा कामातून गेला. जेवताना मधेच थांबून स्वतःच्या बोटाकडे बघायचा.

पण नाना जुने पैलवान. ते म्हणाले, “पोरगा कुस्ती खेलतो ना? मंग एक कुस्ती बघू. जिंकला का हरला ते मी बघत नाय. खेलतो कसा, ते बघनार.”

आता इथे मला माझ्या धंद्याबद्दल सांगितलं पाहिजे. पनवेलला माझं फरशा आणि नळ-बेसिनचं दुकान आहे. डोक्यावर विटा वाहून सुरुवात केली, त्यामुळे समोरच्याच्या पहिल्या शब्दावर मी जन्मात विश्वास ठेवलेला नाही. (आमच्या लग्नात सप्तपदीच्या वेळी मी भटजींना ‘पाचात भागेल का’ असं विचारलं, असं सुरेखा चारचौघांत सांगते. साफ खोटं आहे. मी फक्त ‘सातच का’ एवढं विचारलं होतं.) आणि जे गिऱ्हाईक म्हणतं ‘किमतीचं काही नाही हो, माल चांगला दाखवा’, तेच सगळ्यात जास्त घासतं, हे मी वीस वर्षं बघतोय. तेव्हा नाना ‘जिंकला-हरला बघत नाय’ म्हणाले, याचा अर्थ मी बरोबर ओळखला. पोरगा जिंकलाच पाहिजे.

योगायोगाने त्याच कंपनीचा शो पनवेलला लागत होता. मी कंपनीच्या विकी सरांना दुकानावर बोलावलं. काळा चष्मा, गळ्यात साखळी, बोलणं अर्धं हिंदीत.

“बाळाला एक लढत द्या,” मी म्हटलं.

“देऊ ना. लोकल मुलगा आहे, पब्लिक येईल. पण इथल्या पहिल्या लढतीत तो हरणार.”

“आत्ताच कसं सांगता?”

विकी सरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “सर, आमचं सगळं आधीच ठरलेलं असतं. कोण जिंकणार, कसं जिंकणार, किती फटके. स्टोरी असते.”

हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. इतकी वर्षं मी कुस्तीला नशिबाचा खेळ समजत होतो. आधीच ठरलेलं असतं म्हणजे कोणीतरी ठरवतं, आणि कोणी ठरवत असेल तर त्याच्याशी घासाघीस होते.

“मग ठरवा की बाळा जिंकतो.”

“नाही हो सर. स्टोरी ऐका. बाळा हिरो. समोर आमचा चेतन, रोडपालीचा, व्हिलन. चेतन चीटिंग करतो, डोळ्यांत पावडर टाकतो, मागून खुर्ची मारतो. बाळा हरतो. पब्लिक रडतं. पुढच्या शोला बाळा बदला घेतो. हरण्यातच सगळं प्रेम आहे सर.”

“प्रेम तुम्ही ठेवा. मला विजय द्या.”

“पण पहिल्या शोला व्हिलनच जिंकतो.”

“मग बाळाला व्हिलन करा.”

विकी सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. समोरच्याने डोळे झाकले की आपण जिंकलो, हे मला माहीत आहे. मी चहा मागवला आणि बाकीची कलमं हातासरशी उरकली. नाव त्यांनी ‘महाभयंकर सैतान’ सांगितलं होतं, मी ‘महाभयंकर’ काढायला लावलं. पावडर दोनदा होती, एकदा केली. खुर्चीचे फटके पाच होते. मी दोन म्हटलं, ते चार म्हणाले, तीनवर तोडलं. तिसऱ्या फटक्याला चेतन पडणार आणि उठणार नाही. हातावर हात.

बाळाला सांगितलं तर तो एवढंसं तोंड करून म्हणाला, “भावजी, मना नाय जमनार. त्याला लागंल ना.”

“पत्र्याची पातळ खुर्ची आहे. नुसता आवाज होतो.”

“पन मनीषा बघनार.”

“जिंकताना बघेल. गप बस.”

सुरेखा रागावली की तिच्या तोंडी थेट कोनची भाषा येते. “तुमी त्याला लगीन लावून देताव का खलनायक करताव?” एवढंच ती म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी मैदान भरलं. पुढच्या रांगेत नाना, धोतर, पांढरी टोपी, शेजारी मनीषा. पलीकडे सुरेखा आणि सासूबाई. सासूबाईंनी नारळ आणला होता, जावयाच्या कर्तबगारीसाठी असावा. मी रिंगच्या कोपऱ्याशी उभा राहिलो. ठरलेल्या मालाची डिलिव्हरी होताना मी नेहमीच समोर उभा असतो.

बाळा काळ्या पोशाखात, तोंडाला काळं फासून आला. आल्या आल्या त्याने सवयीने वाकून रिंगला हात लावला आणि कपाळाला लावला. नानांची मान हलली. मी मनात म्हटलं, जमलं. मग बाळाने पावडरची मूठ भरली आणि (हे फक्त मला ऐकू आलं) चेतनला म्हणाला, “डोले मिट.” त्याने मिटले. याने टाकली. मैदान खवळलं. “चीटर, चीटर” म्हणून बायकासुद्धा ओरडायला लागल्या. त्यात सासूबाईंचा आवाज मी ओळखला. काळ्या तोंडामुळे त्यांना मुलगा ओळखू आला नव्हता.

पहिला फटका. दुसरा. तिसरा. चेतन पडला. मी घड्याळ बघितलं, सगळं ठरल्याप्रमाणे. आणि चेतन उठला.

झालं होतं असं की चेतन तीन वर्षं व्हिलन होता. लोकांच्या शिव्या खाण्यात त्याची उमेद गेली होती. आज पहिल्यांदा दोन हजार माणसं त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवत होती. ते सोडून कोण पडून राहील? तो उठला, हात जोडले, लोक वेडे झाले. बाळा माझ्याकडे बघायला लागला. मी काय करणार? ठरलेला शब्द फिरवला की माझं डोकं फिरतं. मी दोरीखालून रिंगमध्ये घुसलो आणि चेतनचा पाय धरला.

“पड ना रे. तीन फटके ठरलेत ना?”

“काका, सोडा. बघा ना पब्लिक,” तो भरल्या डोळ्यांनी म्हणाला.

“बाळा, चौथा मार,” मी ओरडलो. “मी सांगतो. मार चौथा.”

मी सैतानाचा साथीदार आहे, असं समजून पब्लिक माझ्यावर उलटलं. कागदाचे बोळे आले, रिकाम्या बाटल्या आल्या. मागून कोणीतरी ओळखलं. “अरे हा तर फरशीवाला.” दुसरा म्हणाला, “माझी अख्खी पेटी तुटकी दिली होती याने.” (ती वाहतुकीत तुटली होती. मी तेव्हाही सांगितलं होतं.) त्यानंतर जे आलं ते कागदाचं नव्हतं.

आणि बाळाने काय करावं? त्याने खुर्ची उघडली, नीट मांडली, चेतनला हाताला धरून तिच्यावर बसवलं. त्याच्या केसांतली पावडर झटकली. मग स्वतः रिंगच्या मधोमध उताणा झोपला आणि दोन्ही खांदे टेकवले. मातीतल्या कुस्तीत हरलेला माणूस असतो, तसा.

पंचाला काय माहीत? त्याला कंपनीने सांगितलं होतं, सैतान जिंकणार. तो बिचारा खाली बसला, झोपलेल्या बाळाचा हात त्याने वर उचलला आणि विजेता जाहीर केला.

जिंकला ना? मी सांगतो, कागदोपत्री जिंकला.

नाना रिंगपाशी आले. बाळा उठून त्यांच्या पाया पडला. नाना म्हणाले, “हात जोडलेल्या मानसावर हात नाय टाकलास. मुलगी दिली.” मग माझ्याकडे बोट करून सुरेखाला विचारलं, “ह्यो कोन?”

“आमचे हे,” सुरेखा म्हणाली. इतक्या हळू आवाजात ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

“बोलनीला ह्यांना आत घेऊ नका,” नाना म्हणाले. “बाकी माझी काय अट नाय.”

म्हणून मी करंजाला नानांच्या ओट्यावर, चपलांच्या शेजारी बसलो होतो. आतून एकेक कानावर येत होतं. हळदीला किती माणसं, मांडव कुठे, बँड कोणाचा. आणि प्रत्येक गोष्टीला आमच्या बाजूने एकच उत्तर, “चालंल.” पहिल्या झटक्यात. एकदाही ‘बघू’ नाही, ‘जरा कमी करा’ नाही. बाळा तर कुस्ती सोडून नानांच्या बर्फाच्या कारखान्यात यायलाही ‘चालंल’ म्हणाला. आत माझी माणसं लुटली जात होती आणि मी चपला मोजत होतो.

तेवढ्यात फोन वाजला. विकी सर.

“सर, बाळाचं जाऊ द्या, तो काय स्टार होत नाही. पण तुम्ही! लोक अजून विचारतायत तो म्हातारा कोण म्हणून. व्हिलनचा मॅनेजर, पर्मनंट रोल. तुम्ही रिंगमध्ये यायचं, पाय धरायचा, आणि शेवटी हिरो तुम्हाला खुर्चीचे सात फटके मारणार.”

इतका अपमान माझा कोणी केला नव्हता. माझं डोकं सणकलं. फोन कानाला घट्ट धरून मी उभा राहिलो आणि ओट्यावरून सगळ्या करंजाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो,

“सात? वेडे आहात का? चारच्या वर एक नाही.”