गुरुजींच्या गाडीतला ऑइलचा दिवा

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत. ही एक सोडून. शंकरभाऊ मिस्त्री — ज्याच्याबरोबर मी अर्धं आयुष्य गाड्यांखाली लोळून काढलं — त्यालाही ठाऊक नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही गुरुजींना ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही भलताच अंदाज बांधाल. मी दुःखी माणूस नाही. दुकान बरं चालतं, मुलगी शिकून नोकरीला लागली, संध्याकाळी वरणाबरोबर दोन भाकरी जातात आणि पाठ टेकली की झोप लागते. मनात पाप असलं की झोप येत नाही म्हणतात ना? मला येते. आणि खरं सांगू — तेच सांगायला जास्त जड जातं.

मी गाड्यांची वायरिंग करतो, सौंसरला, शंकरभाऊच्या गॅरेजला लागून. एके काळी आमची जोडी जुन्या मोटारींसाठी नावाजलेली होती. शंकरभाऊ जुनं पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवायचा आणि मी तारा ओढायचो. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही. म्हणजे ठिणगीचा सगळा पसारा गेला. दुसरा कोणी असता तर त्याने तारांचा जुना जुडगा तसाच ठेवून नव्या तारा त्यातच कुठेतरी डकवल्या असत्या. मी तो जुडगा मुळासकट उपटून टाकायचो. किल्ली, स्टार्टर, चार्जिंग, दिवे, हॉर्न — लागेल तेवढंच, आणि प्रत्येक तार वेगळ्या रंगाची. तार कमी तर कटकट कमी, असं मी गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचो. ऐट होतीच. नाही कशाला म्हणू?

आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. गाडी तयार झाली की मालकाने किल्ली फिरवायची. समोरचे दोन लाल दिवे लागायचे — एक चार्जिंगचा, एक ऑइलचा. मग इंजिन सुरू करायचं. दोन्ही लाल विझले की शंकरभाऊ पुढच्या चाकापाशी नारळ फोडायचा. लाल विझल्याशिवाय नारळ नाही. लोकांना हे इतकं पाठ झालं होतं की गाडी न्यायला चारजण आले तर चौघेही खिडकीतून माना घालून दिवेच पाहायचे.

ऑइलचा दिवा म्हणजे काय, तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. चालत्या गाडीत तो लाल झाला की समजायचं, इंजिनात ऑइल फिरत नाही. गाडी तिथल्या तिथे बंद करायची. नाही केली तर इंजिन जाम. एवढंच त्याचं काम. पण फार मोठं काम आहे.

गुरुजी मूळ तिगावचे. मला त्यांनी गणित शिकवलं — म्हणजे त्यांनी शिकवलं, मी शिकलो की नाही ते सोडा. निवृत्त झाल्यावर सौंसरला राहायला आले आणि त्या वयात मोटार शिकले. आयुष्यभर सायकल आणि बस. मग एक जुनी अँबॅसडर घेतली आणि आमच्याकडे दिली. त्यांची इच्छा काही फार मोठी नव्हती. शनिवारी काकूंना शेजारी बसवून, स्वतः चालवत, जामसांवलीच्या हनुमानाला जायचं. बाकी दिवशी संत्र्याच्या बागेत एक चक्कर. काकू आयुष्यभर त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसल्या होत्या, आता पुढच्या सीटवर बसवायचं होतं.

शंकरभाऊने इंजिन झकास बसवलं. माझंही झालं होतं — फक्त ऑइलचा दिवा लागेना. इंजिन भंगारातून आणलेलं, त्यावरचा ऑइलचा स्विच, जो हा दिवा लावतो-विझवतो, आतून मेलेला. त्या मापाचा स्विच सौंसरला नव्हता. नागपूरला मिळाला असता. नागपूर काय लांब आहे? बसमध्ये बसलं की झालं. पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता. गुरुजींनी पाहुण्यांना बोलावलं होतं, काकूंनी नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

सांगायला काय हरकत होती? गुरुजी, ऑइलचा दिवा बंद आहे, दोन-चार दिवस गाडी काढू नका. झालं. ते एक शब्द बोलले नसते. पण मग नारळ फुटला नसता आणि माझ्या, मनोहरच्या वायरिंगमध्ये खोट निघाली, असं झालं असतं. मी — ऑइलच्या दिव्याची तार सोडवली आणि चार्जिंगच्या दिव्याच्या तारेला जोडून दिली. आता किल्ली फिरवली की दोन्ही लागणार, गाडी सुरू झाली की दोन्ही विझणार. ऑइल असो की नसो.

शनिवारी दोन्ही विझले. नारळ फुटला. काकूंनी माझ्या हातावर पहिला तुकडा ठेवला आणि मी तो खाल्ला.

सोमवारी नागपूरला जाऊन स्विच आणायचा, असं ठरवलं होतं. सोमवारी दुसरी गाडी आली. मग तिसरी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ मी झाकूनच ठेवली आणि पुढे पुढे मलाच तिचा विसर पडला.

गुरुजींनी दोन वर्षं गाडी चालवली. हळू चालवायचे, बैलगाडीलाही आधी जाऊ द्यायचे. पण काय रुबाब होता! दुकानावरून जाताना हॉर्न वाजवायचेच, आणि काकू खिडकीतून हात करायच्या. मला बरं वाटायचं. आपल्या हातची गाडी.

मग एकदा बागेच्या रस्त्याने येताना दगड लागला. खाली ऑइलचं चेंबर फुटलं, ऑइल वाटेत सांडत गेलं आणि डांबरी रस्त्याला लागल्यावर इंजिन जाम झालं. ट्रॅक्टरने ओढून गाडी गॅरेजला आणली. गुरुजींचा मोठा मुलगा प्रमोद पांढुर्ण्याहून आला — तिथे त्याचं कापडाचं दुकान आहे.

"बाबा, दिवा लागला असन ना? पाह्यला नाही काय तुम्ही?"

"मी पाहून राहिलो होतो," गुरुजी म्हणाले. "बंद पडल्यावर लागला. त्याच्या आधी नाही."

शंकरभाऊने मला हाक मारली. मी हात पुसत आलो. सगळे बघत होते — प्रमोद, शंकरभाऊ, ट्रॅक्टरवाला. मी गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली. दोन्ही लाल दिवे लख्ख लागले. लागणारच होते. इंजिन बंद, किल्ली चालू — दुसरं काय होणार? मला ते माहीत होतं. मला एकट्यालाच माहीत होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. नाही, चाललं नसतंच. पण मी वर आणखी बोललो.

"उन्हात दिसला नसन गुरुजीले."

हा माझा गुन्हा. दिव्याची तार नव्हे — तार काय, आळसाने जोडली, कोणीही जोडेल. हे वाक्य मात्र मी तोंडाने बोललो. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, तसं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मान खाली घातली आणि विचार करू लागले — मी फळ्यापाशी काही बोललो की करायचे तसाच, की पोरगं म्हणतंय त्यात तथ्य असेल का.

प्रमोदने त्यांना नागपूरला डोळे दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने डोळे चांगले आहेत. मग प्रमोद म्हणाला, डोळे ठीक आहेत म्हणजे ध्यान राहत नाही. त्याच्यावर औषध कुठलं? गाडी दुरुस्त झाली — त्या वेळी मी नागपूरचा खरा स्विच बसवला, गुपचूप, पैसेही घेतले नाहीत, आणि प्रमोदने मला केवढा भला माणूस ठरवलं! — आणि गाडी पांढुर्ण्याला गेली. किल्ली प्रमोदकडे. गुरुजी आणि काकू शनिवारी पुन्हा बसच्या थांब्यावर. दोन-तीन वर्षांनी काकू गेल्या. तोवर प्रमोद कधी गाडी घेऊन आला तरी पुढच्या सीटवर त्या पुन्हा बसल्या नाहीत, मागेच बसायच्या, गुरुजींबरोबर.

मी सांगितलं नाही. कधी नाव जाईल याचा धाक होता, कधी वाटलं आता उशीर झाला, आणि बऱ्याचदा तर आठवलंच नाही. मी सुखात होतो.

परवा प्रमोद आला, हॉर्नचं काम घेऊन. गुरुजी मागच्या सीटवर होते, हडकुळे झालेले, पण चेहरा हसरा. मला म्हणाले, "मनोहर, तुह्या वायरिंगले तोड नाही बाबू. इतकी वर्सं झाली, एक तार हालली नाही." काम झाल्यावर प्रमोदने किल्ली फिरवली. तसे गुरुजी दोन्ही सीटच्या मधून पुढे वाकले, मान लांब करून समोर पाहत राहिले.

"लागला," ते म्हणाले. प्रमोदने गाडी सुरू केली. "विझला."

प्रमोद हसून म्हणाला, "दर वेळी असंच करते बाबा. दिसते म्हणून दाखवते आपल्याले."

गुरुजीही हसले. "त्या दिवशी चुकलो ना मी. तवापासून पक्कं पाहतो."

मी म्हणालो, "बराबर पाह्यलं गुरुजी."

ते समाधानाने मागे टेकले. गाडी गेली, मी दुकानात येऊन पुढचं काम हातात घेतलं. त्या दिवशीही त्यांनी बरोबरच पाहिलं होतं. दिवा लागलाच नव्हता.