थोरल्या मामाची परात

ती संध्याकाळ आठवली की आजही डोके तापते. हुलसूरकडच्या रस्त्यावर दिवेलागणीला एक मोटारसायकलस्वार पुलावरून नाल्यात पडला. खुब्याचे हाड मोडले. तो शाळेच्या बसचा चालक, मेंढपाळाच्या घरातला. पोलीस जीप पुलावर लावून आम्ही त्याला वर काढले. "ते दिवे बंद करा, दिवे बंद करा," एवढेच तो बडबडत होता. मी नोंद केली : 'जखमी असंबद्ध बोलत आहे.'

त्या एका ओळीने घात केला. तोंडाला दारूचा वास नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले, तरी गावाने ठरवले की गडी प्यालेला होता. चौकशी होईपर्यंत येऊ नको, असे शाळेने कळवले.

दवाखान्यात त्याचा जबाब घेतला. समोरून पांढराफेक उजेड आला, रस्ताच दिसेना, हँडल गाडीला घासले, गाडी थांबली नाही.

"साहेब, हाड जुळंल. पण ती गाडी घावली न्हाई तर माझ्या बसमधी लेकरं कोण बसवंल?"

फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने खबर दिली : बंपरवर एकच जादा दिवा जळणारी पांढरी गाडी शेजारच्या गावात गेली. सकाळी गुपचूप तपासू, असे मी हवालदाराला सांगितले. हा गृहस्थ त्याच हॉटेलात चहा पीत म्हणाला, "उद्या लाइटा बघणार हावोत."

सकाळी गावातल्या एकाही गाडीला जादा दिवा नाही. बऱ्याच बंपरांना मात्र ताजी भोके.

"अण्णा, ही भोकं कशाची?"

"हवा खेळायला, साहेब."

स्टेशनवर येऊन मी मुद्देमाल पुन्हा काढला. पुलावर मिळालेला 'पत्र्याचा तुकडा', त्यावर चिकटवलेले दोन घरगुती एलईडी. तो उलटून पाहायचे आम्हा कुणालाच सुचले नव्हते. मागचा डिंक खरवडला, तर कोरलेली अक्षरे दिसली : 'थोरल्या मामाकडून'.

आमच्या घरात पुस्तक नव्हते. शाळेत जाण्याआधी मी अक्षरे जुळवली ती आईच्या भांड्यांवरच्या नावांवरून. लग्नातले भांडे मी ओळखणार नाही तर कोण? आणि अशी भांडी पुरुषांना दाखवून उपयोग नसतो. महिला शिपायाला घेऊन मी पांढऱ्या गाड्यांची घरे धरली.

तिसरे घर एका प्राध्यापकाचे. "माझ्या गाडीला जादा दिवे कधीच नव्हते. मी कायदा पाळणारा माणूस आहे," ते शुद्ध भाषेत म्हणाले. इतक्यात त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि तुकडा पाहून जागीच थांबल्या.

"अगं बाई, ही तर माझी परात! दोन महिने हुडकायलेय मी. भांडी घासणाऱ्या अक्कावर आळ घेतला. कामून कापली हो?"

प्राध्यापकांची शुद्ध भाषा गेली. "बल्ब तापतेत. मागं जाड पत्रा लागतो. मोबाइलवर बघून केलतो."

"अन् तुम्हाला माझ्या मामाचीच परात घावली व्हय?"

मला एकच प्रश्न विचारायचा उरला होता : थांबला का नाहीत?

"भ्यालो, साहेब." मग खाली मान घालून म्हणाले, "समोरचे सगळेच लावायलेत, म्हणून म्याबी लावलो. तुमच्या जीपलाबी हायत की."

होते. हवालदाराने हौसेने बसवलेले, मी कौतुक केलेले.

गुन्हा नोंदवून मी दवाखान्यात गेलो. गाडी सापडली म्हटल्यावर चालकाचे डोळे भरले. सहज विचारले, "नाल्यातून काढताना दिवे बंद करा कामून म्हणत होतास? ती गाडी तर कधीच गेली होती."

तो संकोचला. "त्या गाडीचं न्हाई, साहेब. तुमच्या जीपचं म्हणायलो होतो. वरून डोळ्यांवर मारायलते. काहीच दिसंना मला."

बाहेर येऊन आधी जीपचे दिवे काढायला लावले. मग शाळेला पत्र लिहिले : चालक शुद्धीवर होता, त्याचे बोलणे सुसंबद्ध होते, ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची चूक झाली. खाली माझी सही केली. समोरचा माणूस असंबद्ध बोलतो असे लिहिण्याआधी आपला उजेड कुणाच्या डोळ्यांवर आहे ते पाहावे, एवढे मी या प्रकरणात शिकलो. पुढे नोकरीभर तो शब्द मी पुन्हा लिहिला नाही.