बारावा किलोमीटर

मी त्यांचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावले, हीच माझी चूक. मूल गावचे हे रेल्वेचे रिटायर्ड गँगमन, युनियनचे जुने पुढारी. डांबरी रस्त्यावरही रुळांच्या स्लीपरवरून चालल्यासारखी मोजून ढांग टाकतात आणि चहा मागतानाही गेट-मीटिंगसारखा हात उंचावतात. त्यांच्या पत्र्याच्या पेटीतले जुने अर्ज, पत्रकं, नोटिसा मी तीन दुपारी खपून सालवार लावल्या आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

तेवढ्यात एका वारलेल्या गँगमनची बायको आली. नवऱ्याच्या नोकरीच्या पुराव्यावाचून तिची पेन्शन अडली होती.

"कोणत्या साली लागले होते?" मी ऐटीत विचारलं.

"साल मले काय मालूम, गुरुजी? बाराव्या किलोमीटरच्या गँगमधी होते."

पुढाऱ्यांनी सवयीनं पेटीत हात घातला आणि तो तसाच राहिला. माझ्या हुशारीआधी पेटी किलोमीटरवार होती. एका गँगचे सगळे कागद एका सुतळीत.

दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघं जमिनीवर बसून कागद उलटत होतो. शेवटी पुरावा सापडला. बाईंना निरोप देऊन ते माझ्याकडे वळले.

"साहेब लोकाइनं जिंदगीभर आमची गँग फोडाले पाह्यली, नाई फुटली. तुमी तीन दुपारात फोडली, गुरुजी!"