धुतलेल्या वाळूतले खेकडे

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, प्राणिसंग्रहालयात खेकड्यांची टाकी सांभाळत. सांभाळत म्हणजे काय, तर टाकीसमोर खुर्ची टाकून बसत. त्यांना विभागप्रमुख व्हायचं होतं. पाहणीला येणाऱ्या संचालकबाईंना खेकड्यांनी बीळ खणून दाखवलं, की पद काकांचंच.

दलदलीतून खेकडे आले, सोबत त्यांचा काळा चिखल आणि मुळांसकट गवताची ढेकळं. काकांनी नाक दाबलं.

"गटार उचलून आणलंय का? फेका ते!"

मग पांढरी वाळू आणवली, तांदूळ धुवावेत तशी धुतली, वर उकडलेल्या अंड्याचा चुरा भुरभुरवला. खेकडे खणायला लागले की वाळू ढासळे. शेवटी कंटाळून काचेला चिकटून बसले. अंड्याला कुणी तोंड लावेना, एकमेकांच्या नांग्या मात्र तोडत.

आत्या डबा द्यायला गेली तेव्हा भिंतीवरची पाटी तिने मोठ्याने वाचली. "'मुळांनी धरलेल्या घट्ट चिखलात हे खेकडे खोल बिळं करतात आणि तिथलंच गवत खातात. सैल जागी बीळ टिकत नाही.' अहो, इथे लिहिलंय की!"

"पाटी लोकांसाठी असते," काका म्हणाले.

पाहणीच्या सकाळी त्यांनी झाडूचा दांडा घेतला आणि वाळूत स्वतःच भोकं पाडली, वरून पाणी शिंपडलं. मी तिथेच होते. हसू दाबताना पोट दुखलं.

बाई आल्या. "वा, एवढी बिळं?"

काका फुगले. "माझ्या देखरेखीखाली, मॅडम."

तेवढ्यात एक खेकडा भोकाच्या काठावर गेला. काठ खचला, खेकडा उताणा, पाय हवेत. पाठोपाठ शेजारची भोकंही बुजली.

बाईंनी पाटी वाचली. "ही वाचलीय का तुम्ही?"

"रोज पुसतो, मॅडम."

पद दुसऱ्याला गेलं, काकांची बदली थेट दलदलीतल्या चौकीवर झाली. घरी त्यांनी एकच चौकशी केली, "तिथे खुर्ची असेल ना?"

आत्या बॅग भरत म्हणाली, "न्या की इथलीच. नाक दाबायला एक हात मोकळा ठेवा म्हणजे झालं."

खुर्ची खरंच नेली त्यांनी. ती पहिल्याच दिवशी चिखलात रुतली, आणि ओढून काढल्यावर तिथे चार खोल, नीट टिकलेले खड्डे राहिले. आत्या सगळ्यांना सांगते, "ह्यांनी जन्मात खणलेलं तेवढंच!"